बोलावणं आणि परतणं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या ओसरीवर एक लाकडी पेटी असायची. तिच्यात आंतर्देशीय पत्रं, मनीऑर्डरचे कोरे फॉर्म आणि शाईची दौत. सातारा जिल्ह्यातल्या आपल्या या पट्ट्यात घरटी एक माणूस फौजेत, आणि त्या काळी घरात मागे राहिलेल्याला लिहिता-वाचता येत असेलच असं नाही. दिवेलागणीच्या सुमाराला बाया पदराखाली पत्र घेऊन यायच्या. गुरुजी वाचून दाखवायचे, तिथंच बसून उत्तर लिहून द्यायचे. पुढे त्यांची नजर अधू झाली तेव्हा वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा कॉलेजात होतो.

१९८७च्या दिवाळीनंतरची गोष्ट. शेजारच्या आळीतल्या एक काकू पत्र घेऊन आल्या. फौजी पत्त्यात गावाचं नाव नसतं. नंबर, नाव, पलटण आणि ‘मार्फत ५६ एपीओ’. जम्मूला असलेला मुलगा आणि समुद्रापलीकडे गेलेला मुलगा, दोघांचाही पत्ता एकच. पत्रात मुलानं लिहिलं होतं की मी खुशाल आहे, इथं ताडाची झाडं फार आहेत, काळजी करू नये. काकूंनी विचारलं, “मास्तर, पोरगं हाय तरी कुठं?” गुरुजी म्हणाले, “श्रीलंकेत.” काकू थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “तितं कुनी बोलावलंय ह्यास्नी?”

“तिथल्या सरकारनं बोलावलंय,” गुरुजींनी सांगितलं. उत्तर खरं होतं.

मग १९८९चा जून उजाडला आणि पेपरात आलं की तेच सरकार आपल्या फौजेला ‘जा’ म्हणतंय. काकू पुन्हा ओसरीवर आल्या. “आता तर त्यांनीच जा म्हटलंया. मग यायला काय झालं?” त्या दिवशी गुरुजींनी उत्तर दिलं नाही. मला पत्र लिहायला सांगितलं आणि स्वतः अंगणात जाऊन उभे राहिले. परक्या देशात गेलेलं सैन्य परत कधी आणायचं, आणि ते ठरवायचं कुणी, हा आजचा विषय मी निवडला तो त्या संध्याकाळमुळे. बोलणार आहे ते मुख्यतः श्रीलंकेतल्या भारतीय शांतिसेनेबद्दल, कारण हा प्रश्न आपल्या देशापुढे सगळ्यांत उघडपणे आणि सगळ्यांत महाग पडून आला तो तिथंच.

आधी बोलावण्याचं पाहू. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी भारत-श्रीलंका करारावर सह्या केल्या. शहरात संचारबंदी होती. दुसऱ्या दिवशी निरोपाच्या वेळी मानवंदनेच्या रांगेतल्या एका नौसैनिकानं बंदुकीचा दस्ता राजीव गांधींच्या दिशेनं उगारला, ते छायाचित्र तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलं असेल. त्याच दिवशी आपले जवान जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावर उतरू लागले. सही आणि उतरणं यांच्यामध्ये फक्त एक रात्र. कराराच्या जोडपत्रात एक छोटं कलम आहे. त्यात म्हटलंय की लढाई थांबवण्याची हमी देण्यासाठी आणि गरज पडली तर ती अमलात आणण्यासाठी श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष भारतीय शांतिसेनेच्या तुकडीला बोलावू शकतात. बोलावणं कुणी करायचं, हे तिथं स्पष्ट आहे. परत कधी जायचं, काम संपलं असं कशावरून मानायचं, याबद्दल मात्र त्या कलमात एक अक्षर नाही.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं, आपण घराच्या बांधकामाचा करारसुद्धा यापेक्षा काळजीनं करतो. काम काय, मुदत किती, बिघडलं तर जबाबदारी कुणाची, हे सगळं गवंड्याबरोबर बसून ठरवतो. इथं हजारो मुलं जहाजांतून आणि विमानांतून पाठवायची होती.

काम ठरलं होतं ते असं. तमिळ बंडखोरांनी लढाई थांबल्यापासून ७२ तासांत शस्त्रं खाली ठेवायची, श्रीलंकेच्या सैन्यानं बराकीत परतायचं, उत्तर आणि पूर्व प्रांत एकत्र करून तमिळांना प्रांतिक सत्ता द्यायची आणि आपण मध्ये उभं राहायचं. पण त्या लोकांच्या नावानं लढणाऱ्यांतली सगळ्यांत बलवान संघटना, लिट्टे, करारावर सही करणाऱ्यांत नव्हती. लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन यानं ऑगस्टच्या सुरुवातीला सुदुमलईच्या सभेत शस्त्रं देण्याची घोषणा केली, आणि प्रत्यक्षात दिली ती थोडी. सप्टेंबरमध्ये जाफन्यातल्या नल्लूरच्या मंदिराजवळ लिट्टेचा थिलीपन पाण्याचाही घोट न घेता उपोषण करत गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलानं पकडलेले लिट्टेचे लोक पलालीत आपल्या पहाऱ्यातच होते. त्यांना कोलंबोला नेण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सायनाइड घेतलं. बारा जण गेले, त्यांत कुमारप्पा आणि पुलेंद्रन हे दोन मोठे म्होरके. काही दिवसांतच लिट्टेविरुद्ध ‘ऑपरेशन पवन’ सुरू झालं. ज्यांच्या रक्षणासाठी गेलो, त्यांच्याच गल्ल्यांमधून लढत पुढे सरकायची पाळी आली.

जाफना विद्यापीठाच्या मैदानावर ११ ऑक्टोबरच्या रात्री हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या १३ सिख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस मारले गेले, एक कैदी झाला. त्या मोहिमेची योजना कशी फसली यावर सेनाधिकाऱ्यांनी पुस्तकं लिहिली आहेत, मी त्यात जात नाही. आणखी एक प्रसंग मात्र सांगणारच, कारण मी सैनिकांच्या गावात उभा राहून बोलतोय आणि म्हणूनच तो लपवता कामा नये. २१ ऑक्टोबरला, तमिळांच्या दिवाळीच्या दिवशी, आपलं सैन्य जाफना रुग्णालयात शिरलं आणि तिथं डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मिळून साठाहून अधिक माणसं गेली. सैन्याचं म्हणणं, आतून गोळीबार झाला आणि माणसं त्या चकमकीत सापडली. वाचलेल्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं, नि:शस्त्र लोकांना मारलं. जाफन्यात आजही तो दिवस पाळला जातो. ‘शांतिसेना’ या शब्दाचं तिथं काय झालं, हे त्या एका दिवसात कळतं.

धैर्याला तोटा नव्हता. २५ नोव्हेंबरच्या रात्री ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन शोधमोहिमेवरून परतत असताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी हल्लेखोराची बंदूक हिसकावून त्याला ठार केलं आणि शेवटपर्यंत आपल्या माणसांना हुकूम देत राहिले. मुंबईत जन्मलेला हा तमिळ घरातला अधिकारी, महार रेजिमेंटच्या जवानांचा नेता, तमिळ लोकांच्या भूमीवर पडला. शांतिसेनेतलं परमवीरचक्र त्यांचं एकट्याचं. या एका माणसाच्या आयुष्यात तो सगळा पेच उभा आहे असं मला नेहमी वाटतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १९८९पर्यंत आपलं सैन्य वाढत वाढत चार डिव्हिजनांपर्यंत पोचलं होतं, सत्तर हजारांच्या वर. नोव्हेंबर १९८८मध्ये उत्तर-पूर्व प्रांताची निवडणूक आपल्या बंदोबस्तात झाली, लिट्टेनं तिच्यावर बहिष्कार टाकला आणि वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री झाले. जानेवारी १९८९मध्ये कोलंबोत जयवर्धने जाऊन प्रेमदासा आले. ते कराराच्या विरोधातच होते. दक्षिणेत जेव्हीपी या सिंहली संघटनेचं बंड पेटलेलं, भारतीय मालाला हात लावू नका म्हणून दुकानदारांना धमक्या, आणि राष्ट्राभिमानाचं सगळं बोलणं भारताविरुद्धचं. प्रेमदासांनी लिट्टेशी बोलणी सुरू केली आणि १ जूनला जाहीर सभेत सांगितलं की कराराला दोन वर्षं पूर्ण होण्याच्या दिवसापर्यंत, म्हणजे २९ जुलैपर्यंत, भारतीय फौज गेली पाहिजे. इतकंच नव्हे, आपल्याशी लढायला लिट्टेला शस्त्रं मिळाली ती कोलंबोच्या सरकारकडून. पुढे तिथल्याच वरिष्ठ अधिकाऱ्यांनी हे सांगितलं.

दिल्लीत वाद रंगला तो इथून. राहा म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा वजनदार होता. करार दोन देशांचा आहे, त्यात तमिळांना सत्ता देण्याचं वचन आहे, आणि ते पुरं होण्याआधी निघालो तर आपल्या शब्दावर निवडणुकीला उभे राहिलेले लोक उघडे पडतील. राजीव गांधींची भूमिका हीच होती: सैन्याची माघार आणि प्रांताला अधिकार, दोन्ही बरोबरीनं चालले पाहिजेत. सैन्यातल्या काही अधिकाऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं. लिट्टेला शहरांतून हुसकावून वन्नीच्या जंगलात कोंडलंय, आता थोडीच कळ काढायची आहे. आणि त्रिंकोमालीचं बंदर, हिंदी महासागर, परक्या सत्तांचा तिथला वावर, ही चिंता होतीच.

हे सगळे मुद्दे मी मनापासून तपासले आहेत. तरी माझं मत स्पष्ट आहे की निघायलाच हवं होतं, आणि १९८९च्या जूननंतर एक महिनासुद्धा जास्त राहायला नको होतं. ज्या बोलावण्याच्या आधारावर आपण गेलो, तो आधार त्या दिवशी सुटला. दुसऱ्या देशाचं निवडून आलेलं सरकार ‘जा’ म्हणतं तेव्हा आपलं राहणं कितीही चांगल्या हेतूचं असलं तरी ते ताबा ठेवणं होतं. आपण स्वतः दीडशे वर्षं असल्याच चांगल्या हेतूंच्या भाषणांखाली काढली आहेत.

राहा म्हणणाऱ्यांचा आणखी एक मुद्दा होता. तो सभागृहांत, अग्रलेखांत आणि आपल्या चावडीवरही बोलला गेला: आपली इतकी मुलं तिथं पडली, आता परत आलो तर त्यांचं बलिदान वाया जाईल. ऐकायला हा मुद्दा सगळ्यांत उदात्त, आणि म्हणूनच सगळ्यांत धोक्याचा. गेलेल्या माणसाच्या नावावर जिवंत माणसाला पाठवत राहण्याला मग अंत कुठं? शंभर गेले म्हणून राहायचं, तर हजार गेल्यावर जास्तच राहावं लागेल. जे पडले ते त्यांना दिलेलं काम करत पडले. त्यांची किंमत दिल्लीतल्या पुढच्या निर्णयावर ठरत नाही, ती त्या रात्रीच, त्या रस्त्यावरच ठरलेली असते. मेजर परमेश्वरन यांच्या शौर्याला १९९० सालच्या माघारीनं तसूभर कमीपणा आला का? जिच्या घरातला माणूस गेलाय अशी एकही आई गुरुजींच्या ओसरीवर ‘आता आणखी पाठवा’ म्हणताना मी ऐकली नाही. हा मुद्दा बहुतेक वेळा ज्यांच्या घरातून कुणी गेलेलं नसतं, त्यांच्याच तोंडी असतो.

निर्णय झाला तो मात्र अर्ध्या अर्ध्यानं. २९ जुलै १९८९ला मुदतीचा मान राखण्यापुरते सुमारे सहाशे जवान परत आले. १८ सप्टेंबरला दोन्ही सरकारांचा समझोता झाला की वर्षअखेरपर्यंत माघार पुरी करण्याचा प्रयत्न करायचा. मग आपल्याकडे निवडणूक झाली, डिसेंबरमध्ये विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाले, आणि नव्या सरकारनं मार्चअखेरची तारीख पक्की केली. जूनमधला ‘जा’ आणि मार्चमधलं जहाज यांच्यामध्ये नऊ महिने गेले. त्या महिन्यांत गोळ्या थांबल्या नव्हत्या. ऑगस्ट १९८९मध्ये वल्वेट्टीतुरईत आपल्या गस्तीवर हल्ला झाला, जवान पडले, आणि त्यानंतर तिथं पन्नासहून अधिक नागरिक मारले गेले. जायचंच ठरलेलं सैन्य जेव्हा रेंगाळतं, तेव्हा दोन्ही बाजूंच्या माणसांच्या जिवाची अशी किंमत मोजावी लागते.

आता माझ्या मनाला सगळ्यांत जास्त टोचणाऱ्या गोष्टीबद्दल. निघायला हवं होतं, पण निघालो कसे? त्या शेवटच्या महिन्यांत, आपण गेल्यावर प्रांतिक सरकार टिकावं म्हणून ‘तमिळ नॅशनल आर्मी’ नावाची फौज उभी केली गेली. भरती म्हणजे काय, तर रस्त्यावरून, बसमधून, शाळेच्या वाटेवरून तरुण मुलं, काही तर सोळा-सतरा वर्षांची, उचलून नेली. काही आठवड्यांची कवायत आणि हातात बंदूक. शस्त्रं आपली होती, पाठबळ आपलं होतं. आपलं सैन्य एकेक जिल्हा सोडत गेलं तशी लिट्टे मागोमाग आली आणि ती पोरांची फौज पत्त्याच्या बंगल्यासारखी कोसळली. कित्येक मुलं मारली गेली. मार्च १९९०मध्ये पेरुमाळांनी स्वतंत्र इलमच्या, म्हणजे तमिळ राष्ट्राच्या, दिशेनं ठराव केला आणि भारतात आश्रयाला आले. त्यांच्या पक्षाचे नेते पद्मनाभ यांना त्याच वर्षी जूनमध्ये मद्रासमध्ये, आपल्या भूमीवर, सहकाऱ्यांसकट लिट्टेनं मारलं.

बोलावणाऱ्याचा मान राखून निघणं एक. आपल्यावर विश्वास ठेवून पुढे आलेल्यांना मागे टाकून निघणं दुसरं. पहिलं आपण उशिरा का होईना केलं. दुसरं करायला नको होतं, आणि ते टाळता आलं असतं. नऊ महिने हातात होते. त्या मुलांच्या हातात बंदुका देण्याऐवजी, ज्यांना जिवाची भीती होती त्यांना जहाजात जागा देता आली असती. माघारीचा वाद होतो तेव्हा तारखेवर भांडण होतं, टनांचा, ट्रकांचा, तोफांचा हिशोब होतो. मागे कोण राहणार, त्या माणसांची यादी कुणी करत नाही.

याच देशानं दुसऱ्या वेळी हे नीट केलंय, तेही थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९७१मध्ये ढाक्यात ९३,००० कैदी घेतलेलं आपलं सैन्य १२ मार्च १९७२ला निरोपाचं संचलन करून परत फिरलं, तीन महिन्यांच्या आत. काम संपल्याची खूण तिथं डोळ्यांना दिसत होती. मुजीबुर रहमान यांचं सरकार उभं होतं, ते परतीबद्दल बोलले आणि इंदिरा गांधींनी ऐकलं. आणि २००३मध्ये अमेरिकेनं इराकसाठी आपल्याकडे सैन्य मागितलं, जवळपास एक डिव्हिजन. तेव्हा वर्तमानपत्रांत, संसदेत, निवृत्त सेनापतींच्या लेखांत महिनोन्‌महिने खल झाला. १४ जुलैला वाजपेयी सरकारनं ठरवलं की संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय जायचं नाही. तो वाद पाठवण्याआधी झाला म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. एकाही जवानाच्या घरी तार जाण्याआधी झाला.

आपल्या घटनेप्रमाणे सैन्य परदेशी पाठवायला संसदेची पूर्वपरवानगी लागत नाही. मंत्रिमंडळ ठरवतं. अचानक संकटात हे सोयीचं असतं हे मी मानतो. मालदीवमध्ये १९८८च्या नोव्हेंबरात उठाव मोडायला काही तासांत पॅराशूट ब्रिगेड पाठवायची होती, तेव्हा चर्चेला वेळ कुठं होता? पण जिथं महिने, वर्षं राहायचं आहे, तिथं पाठवल्यावर ठरावीक मुदतीच्या आत संसदेपुढे यायला हवं. काम काय, संपलं असं कशावरून मानणार, बोलावणारा बदलला तर काय करणार, आणि आपल्या भरवशावर पुढे आलेल्यांचं काय करणार, हे लिहून द्यायला हवं. माझी ही मागणी आहे आणि ती मी इथं, ज्या गावातून मुलं जातात त्या गावात, मुद्दाम मांडतोय.

२४ मार्च १९९०ला त्रिंकोमालीतून शेवटची तुकडी निघाली. श्रीलंकेत आपले १,१५०हून अधिक जवान कामी आले, जखमी सुमारे तीन हजार. मद्रासच्या बंदरावर परत येणाऱ्या फौजेच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. आपल्याच तमिळ बांधवांना मारून आलेल्या सैन्याचं स्वागत कसं करू, असा त्यांचा सवाल होता. त्या वेळी मला फार राग आला होता. आज राग उरलेला नाही. आपण त्या मुलांना अशा कामावर पाठवलं होतं की परत आल्यावर त्यांना हार घालावा की नाही यावर देशात दोन मतं व्हावीत. दोष जवानांचा नव्हता. १९९०च्या जूनमध्ये तिथं पुन्हा युद्ध पेटलं आणि ते १९ वर्षं चाललं. २१ मे १९९१ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी मारले गेले, १ मे १९९३ला प्रेमदासाही बॉम्बहल्ल्यात गेले. करारातून मिळायची प्रांतिक सत्ता बरीचशी कागदावर राहिली, जोडलेले उत्तर आणि पूर्व २००६मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं वेगळे केले, आणि उत्तरेला स्वतःच्या वेगळ्या प्रांतिक परिषदेची पहिली निवडणूक मिळाली ती २०१३मध्ये.

काकूंचा मुलगा सुखरूप आला. त्याची पलटण जाफन्याच्या बाजूनं निघाली होती. सुट्टीवर आला तेव्हा गुरुजींना भेटायला ओसरीवर बसला. ट्रंकेतून त्यानं ताडाच्या पात्यांची विणलेली, मुठीएवढी डबी काढून दाखवली, लाल-हिरव्या पट्ट्यांची. त्यांच्या चौकीसमोरच्या घरातल्या म्हातारीनं दिली होती. आठवड्याला पाण्याचा टँकर आला की तो तिची घागर भरून द्यायचा, म्हणून. तिचा नातू शाळेत होता. शेवटच्या पावसाळ्यात त्याला नेलं, त्या नव्या फौजेत.

“निघायच्या दिवशी ती फाटकाशी उभी होती,” तो म्हणाला. “काहीतरी विचारत होती, परत परत तेच. आमचा दुभाष्या आधीच्या गाडीनं पुढं गेला होता.”

गुरुजींनी डबी हातात घेतली, झाकण उघडून पाहिलं, पुन्हा बसवलं आणि त्याच्याकडे परत दिली.